'डिस्ट्रिक्ट जज' म्हणजे जिल्हा न्यायाधीश का?

प्रश्न असा: कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली यांच्यावर मराठीत लेख लिहायचा आहे. त्या अमेरिकेत 'फेडरल डिस्ट्रिक्ट जज' होत्या, पुढे 'सीनियर जज' झाल्या. 'संघीय जिल्हा न्यायाधीश' आणि 'वरिष्ठ न्यायाधीश' हे शब्द चालतील का?

मला विचाराल तर दोन्ही नकोत. दुसरा तर अर्थ पार उलटा करतो.

'जिल्हा न्यायाधीश' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक शिडी येते: जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) परीक्षा, कनिष्ठ स्तर, वरिष्ठ स्तर, मग बढती (काही जण थेट वकिलीतूनही येतात), डोक्यावर उच्च न्यायालय आणि ठरल्या वयाला निवृत्ती. मॉट्लींनी ही शिडी पाहिलीच नाही. वीसेक वर्षं त्यांनी नागरी हक्कांची वकिली केली. सर्वोच्च न्यायालयात दहा प्रकरणं लढवून नऊ जिंकली. १९६२ साली जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला मिसिसिपी विद्यापीठाचं दार उघडून देणाऱ्या वकील याच. मग थोडं राजकारण, आणि १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी न्यायाधीशपदासाठी त्यांचं नाव पाठवलं. सिनेटच्या न्याय समितीचे अध्यक्ष ईस्टलंड नेमके मिसिसिपीचे! त्यांनी ते महिनोन्‌महिने अडवून धरलं. ऑगस्टमध्ये एकदाची मंजुरी मिळाली आणि त्या या पदावरच्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या. नेमणूक तहहयात. हा जुना शब्द इथे अगदी चपखल बसतो.

'डिस्ट्रिक्ट'चंही तेच. मॉट्लींचं न्यूयॉर्कचं 'सदर्न डिस्ट्रिक्ट' म्हणजे मॅनहॅटन, ब्राँक्स धरून आठ काउंट्या. आपल्या जिल्ह्याला जवळची काउंटी. डिस्ट्रिक्ट त्याहून मोठं. देशभरात अशी ९४ आहेत. आपल्या पोलीस खात्यात यासाठी आयता शब्द आहे: परिक्षेत्र. कोल्हापूर परिक्षेत्रात कसे सातारा-सांगलीही येतात, तसंच. म्हणून मी 'न्यायपरिक्षेत्र' लिहीन.

'फेडरल'ला मात्र हात लावू नका. मराठीला तो परका नाही. १९३७ साली दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं तेव्हा पहिल्या तीन न्यायाधीशांत आपले मुकुंदराव जयकर होते. फक्त ते देशातलं एकमेव आणि बव्हंशी अपिलं ऐकणारं, तर मॉट्लींचं कोर्ट साक्षीपुराव्यापासून सुरुवात करणारं. वाचकाचा गोंधळ होऊ नये म्हणून एकदा 'अमेरिकेच्या केंद्रीय न्यायव्यवस्थेतलं पहिल्या पायरीचं न्यायालय' असं उलगडून सांगा. 'खालचं कोर्ट' नको, त्यात उगाच कमीपणा येतो.

'ट्रायल जज'साठी 'खटले चालवणाऱ्या' असं लिहिणार असाल तर जरा थांबा. जुने वकील खटला फौजदारी आणि दावा दिवाणी असा भेद पाळतात, वर्तमानपत्रं पाळत नाहीत. मॉट्लींपुढे दोन्ही यायचे. मेलिसा लुडकी या क्रीडापत्रकार बाईंना १९७७ च्या बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजमध्ये यांकी स्टेडियमवर खेळाडूंच्या खोलीत जाऊ दिलं नाही. पुरुष बातमीदार तिथेच मुलाखती घेत होते. त्यावर झाला तो दावा. पुढच्या वर्षी मॉट्लींनी निकाल दिला: सरसकट बंदी घटनाबाह्य, कपडे बदलताना आडोशाची सोय करा. (यांकी स्टेडियम ब्राँक्समध्ये, म्हणजे याच परिक्षेत्रात.) याला खटला म्हटलं तर कोणी फासावर देणार नाही, पण माझा हात अडखळतो.

आता 'सीनियर'. १९८२ मध्ये मॉट्ली आपल्याच न्यायालयाच्या चीफ जज झाल्या. तिथे 'मुख्य न्यायाधीश' ठीक, 'मुख्य न्यायमूर्ती' नको. अमेरिकेच्या फेडरल न्यायव्यवस्थेत 'जस्टिस' सर्वोच्च न्यायालयापुरतंच राखलेलं आहे. १९८६ मध्ये वयाच्या पासष्टीला त्यांनी 'सीनियर' दर्जा घेतला. ही बढती नव्हे. पूर्णवेळ जागा नव्या माणसासाठी मोकळी करायची, पण पद न सोडता झेपेल तितकं काम पाहत राहायचं, असा तो प्रकार. आपल्याकडे 'वरिष्ठ' वाचून लोक म्हणतील, बाई वर चढल्या. मी 'अर्धनिवृत्त न्यायाधीश' लिहीन. शब्द ओबडधोबड आहे खरा, पण खोटं बोलत नाही. २००५ मध्ये निधन होईपर्यंत त्या याच दर्जाने त्याच न्यायालयात होत्या.

तुमच्या लेखाचं पहिलं वाक्य असं करता येईल: 'कॉन्स्टन्स बेकर मॉट्ली या न्यूयॉर्कच्या दक्षिण न्यायपरिक्षेत्रातल्या फेडरल न्यायालयात ३९ वर्षं न्यायाधीश होत्या.' 'जिल्हा' कुठेच लागला नाही.