पहिला बबल टी पाजताना

लातूरच्या उन्हाळ्यात घरच्यांना बबल टी पाजायचा बेत छानच आहे, जरूर करा. आधी एवढंच सांगा: हा 1980 च्या दशकात तैवानात सुरू झालेला गार दुधाचा चहा, आणि तळातले काळे मोती साबुदाण्यासारखेच कसाव्याच्या कंदाच्या स्टार्चचे. साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या घरात निम्मी भीती इथेच जाते.

सगळा जीव मोत्यांत आहे.

- पाणी खळखळ उकळल्यावरच मोती टाका. गार पाण्यात टाकले की विरघळून लगदा होतो.
- शिजले की गुळाच्या पाकात ठेवा. फ्रिजमध्ये कडक होतात, म्हणून तीन-चार तासांत संपवा. सकाळी करून संध्याकाळच्या पाहुण्यांना देणं ही नवख्यांची नेहमीची चूक.
- चहा कडक करा, बर्फाने तो पातळ होतो. दूध गारच घाला; गरम दूध गुळाने फाटतं.

स्ट्रॉ जाड हवी. मोती चावून खायचे, हे पहिल्या घोटाआधी सांगा. लहान लेकरांना मोती नकोतच, घशात अडकतात. आजीला स्ट्रॉ जमत नसेल तर वाटी-चमचा द्या.

फळांचे स्वाद पुढे बघू. पहिल्यांदा अर्धाच ग्लास भरा, आवडला तर मागतील.