कोय लावली केसरची, आला भलताच आंबा

प्रश्न: सर नमस्कार. आमच्या आजोबांच्या हातचं केसरचं झाड आहे, त्याची कोय मी 2016 ला बांधावर लावली, उन्हाळ्यात घागरीनं पाणी घालून जगवली. यंदा पहिल्यांदा पंधरा-वीस आंबे लागले तर नुसत्या रेषा, कोय मोठी आणि चव आंबट. शेजारी म्हणतात तुमची जमीनच तशी. खरं का?
— वाचक, ता. भूम, जि. धाराशिव

उत्तर: दादा, जमिनीला उगं बोल लावू नका. कोयीतून उगवलं ते केसरचं लेकरू, आणि लेकराला बाप पण असतो की. तो कोण ते कुणालाच सांगता येणार नाही, मोहोराच्या दिवसात माशा कुठल्या कुठल्या झाडावरून हिंडून येतात, आसपास एखादा गोटी, शेपू नाहीतर कसलातरी रायवळ असणारच, त्यातलाच कुणीतरी. बरं, बाप केसरच असता तरी खात्री नव्हती, कारण केसर स्वतःच सरमिसळ आहे. आंब्यात गुणसूत्रांच्या 20 जोड्या, प्रत्येक कोयीत त्या नव्यानं पिसल्या जातात, पत्त्यांसारख्या. नीलम आणि दशहरीचंच बघा, दिल्लीच्या पुसा संस्थेत नीलम आई नि दशहरी बाप धरून मल्लिका काढली आणि तेच उलटं करून आम्रपाली. आई-बाप तेच, पण मल्लिकेचं फळ चांगलं दणदणीत आणि आम्रपालीचं झाड बुटकं, फळ लहान, उशिरा येणारं.

मग सगळीकडचा केसर सारखा कसा? कारण ते सगळं एकच झाड आहे हो. गिरनारच्या पायथ्याचा हा आंबा, जुनागढच्या नवाबानं 1934 साली त्याला केसर नाव दिलं, आणि तेव्हापासून काडीवर काडी बांधत, म्हणजे कलमं करत, तेच झाड इकडं तिकडं पसरलंय. आपल्या मराठवाडा केसरला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, पण अंगानं ते झाड गिरनारचंच. आजोबांनी पण कलमच आणलं असणार.

एक करून बघा, केसरच्या चार-पाच कोयी पिशवीत लावा, प्रत्येकीतून एकच कोंब वर येईल. केरळाकडच्या ओलूरसारख्या जातीत एका कोयीतून तीन-चार कोंब निघतात आणि त्यातले बहुतेक आईच्याच पेशींपासून झालेले असतात, बापाचा त्यात संबंधच नसतो. त्या जाती कोयीतूनही जशाच्या तशा येतात. केसर, हापूसला ही सोय नाही.

झाड तोडून टाकू नका मात्र. इतक्या वर्षांची मुळं आहेत, दुष्काळात तीच कामाला येतात. खोड छातीइतक्या उंचीवर कापा, कापल्या जागी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावा, फुटवे आले की जोमदार चार ठेवून बाकीचे काढा आणि पावसाळ्यात त्यावर आजोबांच्याच झाडाची काडी घेऊन पाचर कलम बांधा. तोवर कैऱ्या लोणच्याला घाला, आंबट आहेत म्हणता म्हणजे लोणचं झकास होईल.

प्रश्न: आमच्या मोसंबीच्या बागेत दोन झाडांना मोसंबी सोडून बारकी, नारंगी, आंबटढाण फळं आलीत, काटे पण लई. नर्सरीवाल्यानं फसवलं का? आणि मोसंबीची बी लावली तर मोसंबीच येईल का?
— एक ताई, ता. अंबड, जि. जालना

उत्तर: ताई, भांडायला जायच्या आधी झाडाच्या बुडाशी बसून बघा. डोळा भरलेल्या जागेच्या खालून फांदी फुटलेली दिसेल, तो खुंट आहे, म्हणजे ज्याच्या मुळांवर मोसंबीचा डोळा बांधला ते झाड, बहुतेक रंगपूर लिंबू. खालचे फुटवे वेळेवर काढले नाहीत की तोच वर चढतो आणि मोसंबी मागं पडते, कधीकधी मरून पण जाते. मोसंबी जिवंत असेल तर खालचं सगळं काढा, नसेल तर नवीन रोप लावलेलं बरं.

आता यातली गंमत सांगतो. 2018 मध्ये लिंबूवर्गातल्या 60 झाडांचा जीनोम, म्हणजे सगळा आनुवंशिक आराखडा, तपासून शास्त्रज्ञांनी यांची वंशावळ मांडली. मोसंबी ही गोड संत्र्याच्या गोतावळ्यातली, तिच्यात पपनस आणि मँडरीन म्हणजे सुटसुटीत सालीच्या संत्र्याचं रक्त. रंगपूर म्हणजे मँडरीन आणि महाळुंग यांचा संकर, आणि खुंटाला वापरतात ती जंबेरी पण याच दोघांची. म्हणजे तुमच्या एका झाडात वर एक घराणं, खाली दुसरं, मँडरीन तेवढं दोन्हीकडचं पाहुणं. यांचं मूळ आसाम, उत्तर म्यानमार, युनान या पट्ट्यातलं.

बी लावली तर मोसंबीच येईल का असंही तुम्ही विचारलंय. बहुतेक वेळा येईल, इथं आंब्याच्या उलट आहे, बियांत आईच्याच पेशींचे गर्भ तयार होतात. पण काटेरी झाड, फळाला वर्षानुवर्षं वाट, आणि मुळं मोसंबीचीच असल्यामुळं मूळकुजीची भीती. रंगपूर, जंबेरीच्या बियांत पण हाच गुण आहे, म्हणून तर नर्सरीत खुंटाची रोपं एकसारखी निघतात.

प्रश्न: सीताफळ सीतामाईच्या काळापासूनचं का?
— विद्यार्थी, धारूर

उत्तर: नाव आपलं, झाड अमेरिकेच्या उष्ण भागातलं. रामफळ आणि हनुमानफळ पण तिकडलीच, त्याच कुळातली. तुमच्या बालाघाटाच्या डोंगरावर ते असं काही रुजलंय की परकं म्हणायला जीभ धजत नाही.