नव्या आशाताईस : थायरॉइडची गोळी आणि गरोदरपण

ताई, गरोदर बाईला थायरॉइड कमी असल्याची गोळी चालू असेल तर आपण काय पाहावे, असे तुम्ही विचारलेत. परभणीकडच्या गावांत फिरताना मला सर्वाधिक आढळलेली चूक म्हणजे दिवस गेल्याचे कळताच गोळी बंद करणे. ‘पोटुशीला कशाला एवढी औषधं’ असे सासूबाई मायेनेच म्हणतात. परंतु बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी साधारण 12 व्या आठवड्याच्या सुमारास काम करू लागते आणि तोवर ते सर्वस्वी आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असते, म्हणून या काळात मात्रा बहुधा वाढवावी लागते. ती डॉक्टरांनीच ठरवायची.

दुसरी चूक वेळेची आहे.

- गोळी सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा किमान अर्ध्या तासाने. शेतावर लवकर निघणाऱ्या बाईला गोळी उशाशी ठेवायला सांगा.
- आपणच वाटतो त्या लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या थायरॉइडच्या गोळीनंतर 4 तासांनी घ्याव्यात, अन्यथा थायरॉइडचे औषध नीट शोषले जात नाही. (हे मलाही फार उशिरा कळले.)

टीएसएचची (थायरॉइडचे प्रमाण ठीक आहे का ते दाखवणारी रक्ताची) तपासणी गरोदरपणाचे निम्मे दिवस भरेपर्यंत साधारण दर 4 आठवड्यांनी व्हावी, त्यामुळे तारखा वहीत लिहून ठेवा. अँटीबॉडीच्या (थायरॉइड ग्रंथीविरुद्ध शरीरात तयार होणाऱ्या घटकांच्या) अहवालांत सध्या शिरू नका. बाळंतपणानंतर मात्रा पुन्हा बदलते, तेव्हा 6 आठवड्यांच्या तपासणीची आठवण मात्र तुम्हीच करून द्या.