यादीत नाव असू द्यावे

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

दोन दिवस उन्हातान्हात मोर्चात चालूनही हाती काही लागले नाही, मग मत देऊन तरी काय होणार, असे तू लिहिले आहेस. तुझा थकवा मला समजतो, निष्कर्ष मात्र घाईचा वाटतो.

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी 27 जुलै 1978 रोजी संमत केला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि औरंगाबादच्या वसतिगृहात स्टोव्हवर पिठाची खळ शिजवून पहाटेपर्यंत भिंतींवर पत्रके डकवत होतो. ठराव झाला म्हणजे काम फत्ते झाले, असे आम्हांला वाटले. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली आणि अंमलबजावणी लांबणीवर पडली. 1979 मध्ये प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला, पुढे सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. नामविस्तार, म्हणजे विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचे नाव जोडणे, मात्र 14 जानेवारी 1994 रोजी झाला. आमच्यातल्या अनेकांची मुले तोवर शाळेत जाऊ लागली होती.

त्या वेळी मतदानाचे वय 21 होते. घोषणा देणाऱ्या आमच्यापैकी कित्येकांना मतच नव्हते, त्यामुळे पुढच्या निवडणुकीत ही पोरे आपल्याला पाडतील, अशी धास्ती कोणत्याही आमदाराला वाटण्याचे कारण नव्हते. 61व्या घटनादुरुस्तीने 1989 मध्ये ते वय 18 वर आले. निव्वळ मतांच्या बळावर नामविस्तार झाला, असे मी म्हणत नाही. रस्त्यावरच्या रेट्याशिवाय तो विषय केव्हाच बासनात गेला असता. पण मत मिळाल्यावरही मी ते वाया घालवले, हे तुला सांगायला हवे. एकवीस पूर्ण झाली तरी आंदोलनाच्या धावपळीत नाव नोंदवायचे राहून गेले, आणि मतदानाच्या दिवशी यादीवर बोट फिरवत शेवटच्या ओळीपर्यंत जाऊन मी हात हलवत परतलो.

आता नोंदणी सोपी झाली आहे. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा वर्षातून चार अर्हता तारखा, म्हणजे अठरा पूर्ण झाली का हे ज्या दिवशी पाहतात त्या तारखा, असतात, सतरा पूर्ण झालेल्यांनाही नमुना 6, म्हणजे नव्या नावनोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो, आणि वसतिगृहात राहणाऱ्यांना महाविद्यालयाच्या दाखल्यावर तिथल्या पत्त्याने नाव घालता येते. तुझे नाव गावाच्या यादीत असेल, तर मतदानाला तू खरोखर कुठे असशील याचा विचार करून एकच ठिकाण ठरव. मी तुझ्या जागी असतो, तर गाव निवडले असते. ग्रामपंचायतीच्या प्रभागात काहीशेच मते असतात, कधी पाच-सात मतांनी निकाल फिरतो, आणि समसमान मते पडली तर चिठ्ठी काढावी लागते.

मोर्चात तुझ्याबरोबर चाललेल्यांपैकी किती जणांची नावे यादीत आहेत, हे तू पाहिले आहेस का? रविवारी येताना तुमच्या प्रभागाची यादी छापून आण. लाल पेन मी घेऊन ठेवतो.

तुझा,
सर