सरपंच-पाटलांसमोर गावाला बोलतं करताना
गावकऱ्यांनीच गावाचा नकाशा काढून अडचणी आणि कामांचं प्राधान्य ठरवायच्या बैठकीआधी सरपंच, पोलीस पाटील आणि जुन्या जाणत्यांना घरी जाऊन भेटा. प्रास्ताविक त्यांच्याकडेच द्या, पण स्वतःचं मत शेवटी मांडायची विनंती तेव्हाच करा. ते आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात आणि खरी अडचण बैठक संपल्यावर पारावर निघते. त्यांचा मान राखाच; त्यांच्या पाठिंब्याशिवाय ठरलेलं काम पुढे सरकत नाही.

5-6 जणांचे गट करा, बायकांचा वेगळा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद तर कायद्यातच आहे. नकाशा लोकांनाच जमिनीवर रांगोळीने काढू द्या, तुम्ही रांगोळी हातात घेऊ नका. प्राधान्य ठरवायला प्रत्येकाला 10 चिंचोके द्या आणि प्रत्येक कामासाठी एक अशा, झाकणाला भोक पाडलेल्या डब्यांत टाकायला लावा. उघड्यावर टाकले तर सगळे पाटलांनी निवडलेल्या कामाकडेच वळतात. गटाचं म्हणणं ‘आमच्या गटाला वाटतं’ असंच मांडलं जाऊ द्या, कोणाचंही नाव न घेता.