ट्रेलर ओढताना : बॅटरी की डिझेल?

प्रश्न : एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट (किलोवॉट-तास) ऊर्जा असते. म्हणजे ७५ युनिटची बॅटरी साडेसात लिटरच्याच तोडीची. एवढ्यावर गाडी तीन-चारशे किलोमीटर जाते कशी? आणि ट्रेलर जोडला की रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, निम्मी का होते?

उत्तर : आकडा बरोबर आहे, पण तो टाकीतला. हिशेब चाकाशी करा. डिझेलच्या दहापैकी साडेतीन-चार युनिट चाकापर्यंत पोचतात, तेही इंजिन चांगल्या लोडवर असेल तर. बाकीची उष्णता रेडिएटर आणि सायलेन्सरमधून निघून जाते. बॅटरीतल्या एका युनिटातले ०.८५ ते ०.९ युनिट चाकाला मिळते. म्हणून एका लिटरला बॅटरीची ४ ते ४.५ युनिट धरा. ७५ युनिट म्हणजे १७-१८ लिटर झाले.

ट्रेलरचे कारणही इथेच आहे. रिकामी डिझेल गाडी हलक्या लोडवर इंधन वाया घालवत असते. ट्रेलर लागला की इंजिन जास्त कार्यक्षम पट्ट्यात येते आणि वाढलेल्या खर्चाचा काही भाग त्यात झाकला जातो. मोटर आधीपासूनच नव्वद टक्क्यांच्या आसपास असते, तिथे सुधारायला जागाच नाही; वाढलेला सगळा भार थेट रेंजमध्ये दिसतो. मोटरची ताकद मात्र कमी पडत नाही. उभ्या चढावर ट्रेलर जागेवरून उचलायला ती डिझेलपेक्षा सरस आहे. अपुरा पडतो तो साठा.

प्रश्न : गाडी अडीच टन, उंच पेटीचा ट्रेलर दीड टन, बॅटरी ७५ युनिट. दोन चार्जिंगमध्ये किती अंतर धरावे?

उत्तर : वजनापेक्षा वारा महागात पडतो. उंच पेटीसह दर १०० किलोमीटरला टायरच्या घर्षणात सुमारे ११ युनिट जातात, वेग कितीही असो. वाऱ्याला ताशी १०० च्या वेगाने साधारण २६ युनिट लागतात, ८० ने साडेसोळाच. वाटेतले दहा-पंधरा टक्के नुकसान धरून बॅटरीतून निघणारा एकूण खर्च अनुक्रमे ४२ आणि ३१-३२ युनिट होतो. प्रवासात १० ते ८० टक्के हाच पट्टा वापरायचा, कारण ८० च्या पुढे चार्जिंग फार मंदावते. हाती उरतात ५२ युनिट : १०० च्या वेगाने १२५ किलोमीटर, ८० ने १६५. समोरून वारा किंवा कडाक्याची थंडी असेल तर आणखी २० टक्के कमी धरा.

घाटाचा हिशेब वेगळा मांडा. चार टन वजन ५०० मीटर चढवायला साडेपाच युनिट लागतात. उतरताना निम्म्याहून अधिक परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तरच. माथ्यावर शंभर टक्के चार्ज करून उतरायला लागलात, तर रिजनरेशन (उतारावर मोटरने गाडी रोखत बॅटरी भरणे) जवळजवळ बंद राहते आणि चारही टनांचा भार ब्रेकवर येतो. माथ्यावर ८० टक्क्यांवरच थांबा.

चार्जरची जागा ट्रेलरसकट आत शिरता येईल अशी आहे का, तेही निघण्याआधी बघा. नसेल तर दर वेळी ट्रेलर सोडा, चार्ज करा, पुन्हा जोडा, हे आलेच.

प्रश्न : ४० टनी ट्रकला ८०० किलोमीटरसाठी बॅटरी परवडेल का?

उत्तर : एका दमात नाही. डिझेल लागेल २४० लिटर, म्हणजे जेमतेम २०० किलो. बॅटरी लागेल ९५०-१००० युनिट, आणि पॅकमध्ये किलोमागे १६० वॉट-तास धरले तर वजन सहा टन! तो थेट मालातून कमी होणारा भार आहे. डिझेलचा पंप मिनिटाला ४० लिटर, म्हणजे ४०० युनिट ओततो. मधे मेगावॉट (हजार किलोवॉटचा) चार्जर मिळाला, तर ४८० युनिट अर्ध्या तासात भरतात आणि निम्म्या बॅटरीवर भागते. ठरलेला मार्ग आणि दोन्ही टोकांना चार्जर असतील तर बॅटरी घ्या. मार्ग रोज बदलत असेल, तर आमचे मत आज तरी डिझेलच.

प्रश्न : डिझेल गाडीने ट्रेलर चढवल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, हे खरे का?

उत्तर : खरे. चढावर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा, धुराच्या जोरावर फिरणारा पंखा) लाल होईपर्यंत तापतो. इंजिन बंद केले की त्याच्या बेअरिंगमधले ऑइल फिरायचे थांबते, जागीच जळते आणि काजळीचा थर धरते. दोन मिनिटे आयडलवर ठेवा, मग किल्ली फिरवा.