ऑर्केस्ट्रा सोडून आणखी एक एपी?

'ताई, तिने ऑर्केस्ट्रा सोडला तर एक एपी जास्त बसतो. सोडायला लावू ना?'

न्यू जर्सीच्या मधल्या पट्ट्यात, प्रिन्स्टन आणि एडिसनच्या आसपास, समुपदेशन करणाऱ्या कुणालाही हिवाळा सरता सरता हा प्रश्न ऐकायला मिळतो. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचे फॉर्म तेव्हाच भरायचे असतात. एपी म्हणजे 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट', हायस्कूलमध्येच घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे विषय; ऑर्केस्ट्रा हाही इथे शाळेतला एक विषयच असतो. विचारणारे बरेचदा आपल्याकडचेच असतात, मराठी, तेलुगू, तमिळ, गुजराती, आणि त्यांच्या जोडीला चिनी. उत्तर बहुतेकांना एका शब्दात हवं असतं. तसं ते देता येत नाही, म्हणून एका घराची हकीकत सांगते. नावं बदलली आहेत, आणि कुणी ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन घरांतले तपशील एकत्र केले आहेत.

सानिका दहावीत. इथल्या दहावीला बोर्ड नसतं, पण पुढच्या वर्षाची, म्हणजे अकरावीची, धास्ती आपल्या दहावीहून कमी नसते. कॉलेजं मुख्यतः तिथपर्यंतचेच गुण पाहतात. शाळा सरकारी आणि चांगलीच नावाजलेली. तिच्या हद्दीत घर मिळावं म्हणून लोक जास्तीची किंमत आणि वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स निमूट सोसतात. एपीचे विषय भरपूर, एकाहून जास्त ऑर्केस्ट्रा, जॅझ बँड, कॉयर, आणि ऑगस्टच्या उन्हात मैदानावर घाम गाळणारा मार्चिंग बँड. सानिका ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते, व्हायोलिनपेक्षा जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य.

ती माझ्याकडे व्हायोलामुळे आलीच नव्हती. रविवारी संध्याकाळी तिच्या पोटात दुखायचं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही, तेव्हा मुलांच्या डॉक्टरांनी समुपदेशन सुचवलं. पहिल्या भेटीत पोटदुखीचा विषय पाच मिनिटांत आटपला आणि राजेशनी, तिच्या बाबांनी, लॅपटॉप उघडला.

एक्सेलमध्ये दोन रकाने होते. शाळेच्या पद्धतीप्रमाणे एपीत 'ए' मिळाला तर ५ धरतात, साध्या विषयात ४. या जास्तीच्या गुणाला 'वजन' म्हणतात. ऑर्केस्ट्रा साधा विषय. सहा एपी आणि एक ऑर्केस्ट्रा घेतला, सगळीकडे 'ए' मिळवला, तरी सरासरी, म्हणजे जीपीए, ४.८६. ऑर्केस्ट्राच्या जागी एपी केमिस्ट्री घेतली तर ५. 'म्हणजे उत्तम वाजवून तिचा जीपीए खाली येतो,' राजेश म्हणाले. गणित बरोबर होतं. शिवाय एपी केमिस्ट्रीच्या लॅबला जोडतास लागतो आणि ऑर्केस्ट्राचा तिच्या पातळीचा वर्ग दिवसात एकदाच भरतो, दोन्हींची वेळ एकच. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला कलेची पाच क्रेडिट लागतात, ती तिची नववीतच झाली होती. हेही त्यांना पाठ होतं. आणि तिला संगीत हवंच असेल तर एपी म्युझिक थिअरी आहे की, त्याला वजन आहे! हे ते अगदी मनापासून म्हणाले. मला हसू आलं ते मी आवरलं. सानिकाने नाही आवरलं. त्या भेटीत तिचा चेहरा हलला तो तेवढाच.

राजेश लातूरचे. नव्वदच्या दशकात त्यांची बारावी झाली तेव्हा इंजिनिअरिंगचा प्रवेश पीसीएमच्या गुणांवर ठरायचा. यादी लागायची आणि यादीत तुम्ही कितवे हे दिसायचं. त्यांना पुण्याचं सरकारी कॉलेज हवं होतं, ते दोन मार्कांनी गेलं. दोन मार्कांनी काय होतं हे ज्याने भोगलं आहे, त्याला ०.१४ चा फरक लहान वाटणार नाही. 'हट्टी बाप' म्हणून अशा वडिलांना झटकून टाकणारे लोक मला पटत नाहीत. ज्या व्यवस्थेने त्यांना इथवर आणलं, तिच्या हिशेबाने ते चोख बोलत होते.

फक्त सानिकाचा अर्ज त्या व्यवस्थेत जाणार नव्हता. म्हणून पुढच्या भेटीत आधी कागदोपत्री गोष्टी बोललो. प्रत्येक हायस्कूल कॉलेजांना विद्यार्थ्याच्या गुणपत्रकाबरोबर आपली माहिती देणारं एक 'स्कूल प्रोफाइल' पाठवतं. त्यात शाळेत कोणते एपी आहेत, कुठल्या विषयाला किती वजन देतात, हे असतं. म्हणजे वाचणाऱ्याला ४.८६ कुठून आला ते कळतं. बरीच विद्यापीठं जीपीए स्वतःच्या पद्धतीने पुन्हा मोजतात. कॉमन अॅपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांसाठी भरायच्या सामायिक अर्जात, शाळेच्या कौन्सेलरला या मुलाने निवडलेले विषय त्या शाळेच्या मानाने किती कठीण आहेत, हे ठरलेल्या पर्यायांतून सांगावं लागतं. तो पर्याय सातव्या एपीने बदलेल की सहांवरच वरचा मिळतो, हे शाळेच्या कौन्सेलरला सरळ विचारता येतं. बहुतेक पालक विचारत नाहीत. व्हॉट्सअॅपच्या गटात विचारतात. राजेशनी मेल केला. सहा पुरेसे होते, तसं दोन दिवसांत लेखी उत्तर आलं. मुलांचा वर्गातला क्रमांक तर ही शाळा कुणाला कळवतच नाही. अशा शाळा आता पुष्कळ आहेत.

'मग ही मुलं एकमेकांचा जीपीए का विचारत बसतात?' राजेशनी विचारलं. विचारतात खरी. शाळेने यादी लावणं बंद केलं की मुलं आणि पालक आपापली यादी लावतात.

त्याच सुमारास त्यांनी शेजारच्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो या शालेय जिल्ह्याचा (तिथल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) विषय काढला. 'तिथे परीक्षाच बंद केल्या होत्या म्हणे. असं लाडावून कसं चालेल?' ही गोष्ट २०१५ ची. तिथले अधीक्षक डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. आदल्या शालेय वर्षात मिडल स्कूल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीची शिफारस करावी लागली होती, ४० जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं होतं. त्यानंतर हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षा रद्द केल्या, काही रात्री गृहपाठाविना ठेवल्या. कच्चं वाजवणाऱ्या मुलांनाही वाद्यसंगीतात सहज शिरता यावं, असा 'राइट टू स्क्वीक' नावाचा उपक्रमही त्यात होता. पालकांत दोन तट पडले, आणि मुलांना कमी शिकवलं जाणार म्हणून विरोध करणाऱ्यांत स्थलांतरित आशियाई पालक ठळक होते. राजेशना परीक्षांचं माहीत होतं, ४० चा आकडा माहीत नव्हता. तो ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत, आणि मीही पुढे ताणलं नाही.

सानिकाशी एकटीशी बोलणं सुरू झालं तेव्हा नियम आधीच ठरवून घेतला होता: तिच्या जिवाला धोका वाटेल असं काही असेल तर आईबाबांना सांगणार, बाकी तिची परवानगी असल्याशिवाय नाही. (तुमच्या मुलाच्या बोलण्यात स्वतःला इजा करण्याचा किंवा 'मी नसलेलंच बरं' असा सूर आला तर विषयांचे फॉर्म बाजूला ठेवा. अमेरिकेत ९८८ या क्रमांकावर दिवसरात्र माणूस फोनवर मिळतो; डॉक्टरांनाही लगेच कळवा.) सानिकाच्या बाबतीत तसं काही नव्हतं. ती झोपत मात्र नव्हती. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, हिची साडेपाच व्हायची.

मला वाटलं होतं, आता ती सांगेल की व्हायोला माझा जीव की प्राण आहे. अशी वाक्यं कॉलेजच्या निबंधात फार छान दिसतात. ती म्हणाली, 'मी एवढी काही भारी नाही वाजवत. मागून दुसऱ्या स्टँडवर असते.' मग तिने स्टँडचं सांगितलं. दोघांत स्वरलिपीची पानं ठेवायचा एक स्टँड असतो. आतल्या बाजूला बसलेल्याने पान उलटायचं, बाहेरच्याने वाजवत राहायचं. आत ही बसते. 'मला पान बरोबर वेळेला उलटता येतं. तिला कधी थांबावं लागत नाही.' एवढं एक कौतुक तिने स्वतःचं केलं, तेही खाली बघून. आणि मग: 'घरी कोणी विचारत नाही ना, आज ऑर्केस्ट्रात किती मिळाले. म्हणून बरं वाटतं.'

नकोशा गोष्टींची यादी तिच्याकडे तयार होती. शनिवारचा यूथ ऑर्केस्ट्रा, रीजन ऑडिशनची, म्हणजे विभागीय ऑर्केस्ट्राच्या निवडचाचणीची, तयारी, त्यासाठीची खासगी शिकवणी, बुधवारी रात्री घरी मेट्रोनोमसमोर तास. शाळेतला तास हवा होता, त्याच्याभोवती उभं केलेलं सगळं नको होतं. मोठ्या शाळांतलं संगीतही आता स्पर्धेचंच झालं आहे हे वडिलांच्या लक्षात नव्हतं. ते त्याला करमणूक समजत होते. बसायची जागा ठरवणारी चेअर टेस्ट असते, कोण पुढे कोण मागे हे सगळ्यांसमोर बसण्याच्या जागेवरूनच दिसतं, मग रीजन, मग सगळ्या राज्याचा ऑल-स्टेट. 'ऑर्केस्ट्रा ठेवला म्हणजे ताण कमी' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एकदा रीजन ऑडिशनच्या खोलीबाहेरची रांग बघावी.

आठवड्याचा तक्ता तिनेच लिहिला, तास तासाने, आणि तिच्या संमतीने तो दोघांसमोर ठेवला. राजेश पाच मिनिटांत वळले. एपी केमिस्ट्री नको, सहा एपी पुरेत, असं ते स्वतःच म्हणाले. आकडे मांडले की ते ऐकतात. अडलं ते मनीषाकडे, आईकडे. तोवर सगळ्या भेटींत ती मुलीच्या बाजूची होती. ऑर्केस्ट्रा ठेवायचा यावर ती ठाम होती. रीजनची तयारी बंद करायची म्हटल्यावर तिचा आवाज चढला. 'सात वर्षं दर शनिवारी मी गाडी चालवली आहे. थांबायचंच होतं तर आधी सांगायचं.'

मनीषा शाळेत असताना गाणं शिकायची. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत देत मध्यमा प्रथमपर्यंत पोचली होती. मग दहावीचं वर्ष आलं, क्लास बंद झाला. 'वर्षभरासाठीच' म्हणाले होते घरचे. ही गोष्ट सानिकाने पहिल्यांदा माझ्या खोलीत ऐकली. राजेशनीही, असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. मुलीचं संगीत दहावीत तुटू द्यायचं नाही हा मनीषाचा पण होता, आणि तुटू न देणं म्हणजे पुढे जात राहणं, पुढची परीक्षा, पुढची खुर्ची, असं तिने धरलं होतं. मागून दुसऱ्या स्टँडवर बसून पानं उलटणारी मुलगी तिला अर्धवट सोडून दिल्यासारखी वाटत होती.

मी तिला समजावलं नाही. सानिकालाच विचारलं, आईला काय सांगशील. ती मराठीत चाचरते, पण त्या दिवशी तिने इंग्रजी टाळलं. 'आई, मी सोडत नाहीये. मी फक्त जिंकत नाहीये.' मनीषा म्हणाली, 'मला विचार करू दे.' तेवढ्यावरच ती भेट संपली.

फॉर्म गेला. ऑर्केस्ट्रा राहिला, केमिस्ट्री गेली, रीजन आणि खासगी शिकवणी थांबली. यूथ ऑर्केस्ट्राचं वर्ष मात्र पूर्ण करायचं ठरलं. फी भरलेली होती आणि जूनमध्ये कार्यक्रम होता. ही तडजोड सानिकाने स्वतः सुचवली. पोटदुखी एकदम गेली नाही, आधी महिन्यातून दोनदा अशी झाली आणि मग तिचं बोलणं निघेनासं झालं. ती आता साडेसात तास झोपते, ते आठ व्हावेत म्हणून राजेश रात्री साडेदहाला वायफाय बंद करतात. यावर घरात अजून भांडण होतं.

हाच प्रश्न घेऊन कुणी आलं की मी आता घरूनच दोन गोष्टी करून यायला सांगते: सहा-सातचा हिशेब शाळेच्या कौन्सेलरकडून लेखी घ्या, आणि आठवड्याचा तक्ता मुलाच्या हाताने लिहून आणा, झोपेसकट. पुष्कळदा पालक जो विषय सोडायला लावायला आलेले असतात त्याच्यावर मुलाची फुलीच नसते.

मनीषा अजून माझ्याकडे येते, एकटी, दोन आठवड्यांनी एकदा. सानिकाचा विषय तिथे फारसा निघत नाही. धाकट्याने मिडल स्कूलच्या बँडमध्ये ट्रम्पेट घेतला आहे. त्याला खासगी शिकवणी लावावी का, असं गेल्या महिन्यात विचारलं ते राजेशनी. मी म्हटलं, त्यालाच विचारा. विचारलं होतं म्हणे; तो 'नको' म्हणाला, आणि ट्रम्पेटचा आवाज ऐकून राजेशना वाटतंय, निदान शेजाऱ्यांसाठी तरी लावावी.